पाठमोरी इन्स्पेक्टर

चंद्रभान गिरडकर पोलीस नाही, हे त्याला सोडून सगळ्या प्रताप नगरला माहीत आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला जी फ्लॅट स्कीम आहे, तिथे तो चौकीदार आहे. त्याआधी बरीच वर्षं होमगार्ड होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत हातात काठी घेऊन दोर धरून उभा राहायचा. पण मिशी पोलिसाची, चालणं पोलिसाचं, आणि दूधवाल्याला हटकायचा आवाजही पोलिसाचाच. माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको प्रेमिला आणि मुलगी हर्षा भाड्यानं राहतात. मी एसटीत कंडक्टर होते. आता रिटायर होऊन अंगणात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर लक्ष ठेवते. जन्मभर तेच केलं, ते एकदम कसं सुटणार.

चंद्रभानचा शौक एकच. पोलिसांचे पिक्चर पाहायचे आणि त्यातल्या चुका काढायच्या. कूलरसमोर बसून तो टीव्हीवर पिक्चर बघू लागला की माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. "टोपी डोक्यावर नाही अन् सॅल्यूट मारून राहिला, बावळट." "बेल्ट पाहा, बेल्ट. पोटावर बांधला का छातीवर?" हिरो मेला तरी त्याचं लक्ष हिरोच्या बुटाच्या पॉलिशवर. गल्लीतले लोक मुद्दाम त्याला विचारायचे, "काय चंद्रभानजी, नवीन पिक्चर कसा आहे?" आणि तो गेटवरचं काम सोडून त्यांना सगळं समजावून सांगायचा. लोक मागून हसायचे. मीही हसले आहे.

तरुणपणी तो स्वतः पोलीस भरतीला गेला होता. मूळचा खाप्याचा. तिथून पोरं जमून नागपूरला आली, सगळ्यांच्या छात्या मोजल्या आणि याची छाती पाहिजे तेवढी फुगली नाही. बस, एवढ्यावर संपलं. ही गोष्ट त्यानं मला स्वतः कधी सांगितली नाही, प्रेमिलानं सांगितली. ती म्हणाली, "तेव्हापासून ते श्वास पूर्ण सोडतच नाहीत, बाई."

मग त्यानं हर्षाला धरलं. दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात तो तिला सायकलवर बसवून ग्राउंडवर घेऊन गेला. तेव्हापासून रोज पहाटे, थंडी असो की मे महिना, बापलेक ग्राउंडवर. मला शुगर आहे म्हणून मीही सकाळी तिथेच चालायला जाते, त्यामुळे हा सगळा खेळ मी डोळ्यांनी पाहिला आहे. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, म्हणजे त्या ग्राउंडच्या दोन फेऱ्या. हर्षा धावायची आणि चंद्रभान चुन्यानं मारलेल्या रेषेवर उभा. गळ्यात दोरी, दोरीला स्टॉपवॉच. मान खाली, अंगठा बटणावर. तिथूनच ओरडायचा, "खांदे सोड. मुठी सैल. पहिल्या फेरीत दम खर्च करू नको, दम दुसऱ्या फेरीसाठी आहे." ती रेषेवर पोचली की बटण दाबायचा, आकडा सांगायचा आणि मग वर बघायचा. आकडा चांगला असला तर म्हणायचा, "ठीक आहे." वाईट असला तर काहीच नाही. शाबास हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही.

हर्षाचं धावणं मात्र बघण्यासारखं होतं, हे मी सांगते. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती धावायला लागली की माझे पाय आपोआप थांबायचे. घाई नाही, ओढाताण नाही. वेणी पाठीवर सारख्या मापानं डावी-उजवी व्हायची. उजवा कोपर जरा बाहेर काढून धावायची ती, लहानपणी तो मोडला होता म्हणून. शंभर पोरींत मी तिला पाठीवरून ओळखलं असतं.

एवढं सगळं करून झालं काय, तर काही नाही. पहिल्यांदा मैदानात पास झाली आणि लेखी परीक्षेत राहिली. नंतर काही वर्षं भरतीच निघाली नाही. निघाली तेव्हा मैदानाच्या आदल्या आठवड्यात घोटा मुरगळला. तरी धावली आणि लंगडत शेवटी आली. त्याच्या पुढची जाहिरात आली तेव्हा तिचं वय निघून गेलं होतं. पेपर माझ्याकडे येतो. चंद्रभाननं माझ्या अंगणात उभं राहून ती जाहिरात वाचली, नीट घडी घालून पेपर परत दिला आणि म्हणाला, "झालं." त्या दिवशी त्यानं स्टॉपवॉच पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा फळीवर ठेवला आणि मुलीशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. 'दार लाव', 'आई कुठं आहे', 'पाणी आलं का', एवढंच. पोरीच्या हातून काही गुन्हा झाला असता तर माफ तरी करता आलं असतं. वय झालं, याची माफी कोण कोणाला देणार?

हर्षा मॉलमध्ये लेडी गार्ड म्हणून लागली. पडद्याआड उभं राहून बायकांच्या पर्स तपासायच्या. युनिफॉर्म निळा, शिट्टीसुद्धा मिळाली होती. पण पहाटेचं धावणं तिनं सोडलं नाही. एकटी जायची. मी एकदा विचारलं, "आता कशाले धावतं वं? कोणती भरती राहिली?" ती म्हणाली, "सवय आहे, मावशी." मला काही ते पटलं नाही. एखाद्या सकाळी बाप मागून येईल आणि रेषेवर उभा राहील, याची ती वाट बघत होती. तो कधी आला नाही.

मागच्या हिवाळ्यात नागपुरात एका पिक्चरचं शूटिंग झालं. नाव सांगत नाही, उगाच त्यांची जाहिरात कशाला. गोष्ट एका बाई इन्स्पेक्टरची. खुनी कोण, पैसे कोणी खाल्ले, ती एकटी सगळ्यांच्या मागे लागते, असं काहीतरी. नागपूरच्याच जरीपटका भागातल्या बाजारात तिनं एका गुन्हेगाराचा पाठलाग करायचा होता. गर्दी आवरायला मॉलमधले गार्ड पाठवले होते, त्यात हर्षा होती. नेमका त्या दिवशी हिरॉइनचा गुडघा दुखायला लागला. मागून तिच्यासारखी दिसेल अशी, तेवढ्याच उंचीची, बऱ्यापैकी धावू शकणारी बाई पाहिजे म्हणून त्यांची शोधाशोध सुरू झाली, आणि एका माणसाची नजर दोर धरून उभ्या असलेल्या हर्षावर गेली.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा मी भाजी निवडत होते. समोर बसली. मग म्हणाली, "मावशी, आज खाकी घातली मी."

मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मग तिनं सगळं सांगितलं. खांद्यावर स्टार लावले, बेल्ट बांधला, टोपी घातली. मोबाईल आधीच काढून घेतले होते, त्यामुळे फोटो नाही. "आरसा पण नव्हता," ती म्हणाली. "कशी दिसली मी, मलेच माहीत नाही." मग तिला बाजाराच्या एका टोकाला उभं केलं, गाडीवर कॅमेरा घेऊन माणसं मागे, आणि सांगितलं, त्या चौकापर्यंत धाव. तिनं अंतर बघितलं. लांब होतं. म्हणून ती बापानं शिकवलं तशी धावली. खांदे सोडून, मुठी सैल, दम राखून. शूटिंगच्या परवानगीची वेळ संपत आली होती, पुन्हा घ्यायला सवड नव्हती. डायरेक्टर साहेब म्हणाले, झालं, चला.

"बाबाले सांगू नका," ती म्हणाली.

"काहून?"

"पिक्चर येऊ द्या. ते पाहतीलच, पोलिसाचा पिक्चर ते सोडत नाहीत. पाहतील अन् ओळखतील. मागून पाहिलं तरी ओळखतील. माझं धावणं जेवढं त्यांनी पाहिलं, तेवढं कोणीच नाही पाहिलं."

"अन् नाही ओळखलं तर?"

ती हसली. "असं कसं होईन, मावशी." हसता हसता रडली, आणि मग माझ्यासोबत भाजी निवडत बसली. त्या दिवसापासून ती पोरगी त्या पिक्चरसाठी जगू लागली. पिक्चरशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. बापानं पडद्याकडे बोट दाखवून 'ही तर आपली हर्षा' म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रेलर आला. हर्षानं मोबाईल माझ्या हातात दिला. त्या ट्रेलरमध्ये जरीपटक्याचा बाजार होता, आणि भर बाजारातून पाठमोरी धावणारी इन्स्पेक्टर होती. उजवा कोपर बाहेर. मी म्हणाले, "अवं, तूच आहेस की." तिचा चेहरा असा फुलला की बस. मग ती खालची मतं वाचू लागली. लोकांना आजकाल मत असतं. भाजीत मीठ किती यावर नसेल, पण दुसऱ्याच्या धावण्यावर असतं.

"मॅडम मॉर्निंग वॉकला निघाल्या काय?"

"चोर बिचारा पुढच्या चौकात थांबून वाट पाहून राहिला."

"पाठलाग आहे का सत्यनारायणाचं आमंत्रण?"

"आमच्या जरीपटक्याचं नाव खराब केलं. इथली म्हैस याहून जोरात धावते."

कोणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याला भजनाची चाल लावली होती. तो फारच चालला. माझ्या भाच्यानंसुद्धा मला पाठवला. तिकडे ती हिरॉइन मुलाखतीत सांगत होती की सगळं धावणं मी स्वतः केलं, सहा महिने मेहनत घेतली. गंमत म्हणजे लोकांच्या शिव्या तिलाच बसत होत्या. हर्षा प्रत्येक मत वाचायची. मी म्हणाले, "ठेव तो मोबाईल. या लोकायले काय समजते?" ती म्हणाली, "त्यायचं बराबर आहे, मावशी. चोर पकडायले असं नसते धावत. पण मले कोणी चोर पकडायले शिकवलंच नाही. मले दोन फेऱ्या शिकवल्या." आणि मग, जणू स्वतःलाच समजावत, "लोकायचं काही नाही. बाबा ओळखतीन."

पिक्चर लागला. चंद्रभाननं बजावलं की हा पाहायलाच पाहिजे. नागपूरचा आहे, पोलिसाचा आहे. आम्ही चौघं गेलो. हर्षा बापाच्या शेजारी बसली, तिच्या पलीकडे मी, प्रेमिला टोकाला. त्या दिवशी चंद्रभान खुशीत होता. सॅल्यूट बरोबर निघाला, बेल्ट बरोबर निघाला, पोलीस ठाण्यातली भिंतसुद्धा त्याला पटली. जरीपटक्याचा बाजार आला तशी हर्षानं माझा हात धरला. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती.

मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. "ओ मॅडम, आरामात, आरामात." सगळं थिएटर हसलं. पडद्यावरचा उजेड चंद्रभानच्या चेहऱ्यावर हलत होता. त्यानं पडद्याकडे निरखून पाहिलं, अगदी डोळे बारीक करून पाहिलं. मला वाटलं, आता. आणि तो हसला. लोक हसले तसाच, मिशीत. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "हे काय धावणं आहे?"

हर्षानं माझा हात सोडला. पुढचा पिक्चर कसा होता, मला ठाऊक नाही.

बाहेर आलो तर दारात एक मुलगी हातात माइक घेऊन उभी. तिचं नाव जया; मोबाईलवर तिचं चॅनेल आहे, नवीन पिक्चर लागला की थिएटरबाहेर उभी राहून प्रेक्षकांची मतं घेते. तिनं चंद्रभानची मिशी पाहिली आणि माइक सरळ त्याच्यापुढेच धरला. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते त्याला मिळालं. कोणीतरी त्याचं मत विचारलं. तो छाती काढून उभा राहिला आणि बोलला. सॅल्यूटबद्दल बोलला, टोपीबद्दल बोलला, बाईनं काम चांगलं केलं म्हणाला. मग म्हणाला, "पण तिले धावता येत नाही. पोलिसात असं धावली असती तर पहिल्या दिवशी घरी पाठवली असती. तिले धावणं कोनं शिकवलं मले माहीत नाही, पण ज्यानं शिकवलं त्यानं त्या पोरीचं वाटोळं केलं."

जया हसली. "काका, तुम्हाला फार माहिती आहे."

"माहिती म्हंजे? माझी पोरगी पाहा." त्यानं हर्षाच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. "भरतीची तयारी करत होती. हिच्या पायाची सर नाही त्या हिरॉइनले. माझी पोरगी असती त्या पिक्चरमध्ये, तर पहिल्याच गल्लीत धरला असता चोर."

जयानं माइक हर्षापुढे केला. "ताई, खरं का? तुम्ही हिच्यापेक्षा चांगल्या धावता?"

हर्षा बापाकडे बघत होती. म्हणाली, "बाबाले माहीत."

मला तेव्हा त्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आणि तेव्हाच त्याची दयाही आली, याचा मला अजून राग येतो. तो खोटं बोलत नव्हता. आपल्या मुलीबद्दल जे कौतुक त्याच्या पोटात इतकी वर्षं साचून होतं, ते पहिल्यांदा बाहेर आलं, आणि आलं ते असं.

तो व्हिडिओ त्या पिक्चरपेक्षा जास्त चालला. 'काका एकदम बरोबर', 'काकांना इन्स्पेक्टर करा', 'ज्यानं शिकवलं त्यानं वाटोळं केलं' हे वाक्य तर पोरं गल्लीत एकमेकांना म्हणू लागली. फ्लॅट स्कीममधले साहेब लोक गाडी थांबवून त्याच्याशी बोलू लागले. आणि चंद्रभान बदलला. घरात बोलू लागला. "हर्षा, चहा घेतला का वं?" "हर्षा, थकली दिसतं, बस जरा." एका रविवारी त्यानं फळीवरचा डबा काढून स्टॉपवॉच पुसलं. प्रेमिला माझ्याकडे येऊन डोळे पुसत म्हणाली, "बाई, घरात माणसं राहतात असं वाटून राहिलं." तिलाही काही माहीत नव्हतं.

मी हर्षाला म्हणाले, "सांगून टाक त्याले. नाहीतर मी सांगतो."

"नका, मावशी." तिनं माझे हात धरले. "ते बोलून राहिले माझ्याशी. राहू द्या आता. पडद्यावरची कोणीतरी दुसरीच होती असं समजा."

मी गप्प बसले. एरवी मला कोणी गप्प बसवू शकत नाही.

पण लोक थांबतात थोडेच. व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं, 'काका, तुमच्या पोरीला धावताना दाखवा ना.' मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. 'दाखवा, नाहीतर काका फेकून राहिले.' जया घर शोधत आली. चंद्रभाननं हर्षाला न विचारता हो म्हणून टाकलं. रविवारी सकाळी, ग्राउंडवर, दोन फेऱ्या. संध्याकाळी हर्षा मॉलमधून आली तेव्हा त्यानं तिला सांगितलं, "सगळ्यायचे तोंड बंद करू." ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नाही म्हणावं तर बाप गल्लीत खोटा पडतो. धावावं तर ते धावणं सगळ्या महाराष्ट्रानं भजनाच्या चालीवर पाहिलेलं.

शनिवारी ती माझ्या पायरीवर बसली होती. मी म्हणाले, "दुसऱ्या तऱ्हेनं धाव. जीव तोडून धाव, अर्धीच फेरी. मग घोटा दुखला म्हण."

तिनं खूप विचार केला. "मले दुसरं येत नाही, मावशी. इतके वर्ष एकच शिकली." मग जरा वेळानं, "अन् आलं असतं तरी काहून धावू? एकदा पाहू तर द्या त्यायले."

त्या वाक्यात अजून आशा होती. मला ती ऐकू आली. माणूस इतकं झाल्यावरही आशा करतो, हे मला बघवत नाही.

रविवारी आम्ही ग्राउंडवर गेलो. चंद्रभाननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. रेषेवर तो नेहमीच्या जागी उभा राहिला, गळ्यात स्टॉपवॉच, मान खाली, अंगठा बटणावर. जया म्हणाली, "काका, असं नाही. घड्याळात पाहाल तर तुमचा चेहरा दिसत नाही. तुम्ही माइक धरा, मुलीकडे बघा आणि बोलत राहा. कशी धावते ते लोकांना सांगा."

"अन् टाईम?"

"टाईम राहू द्या."

त्यानं गळ्यातली दोरी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. ते गेल्यावर त्याला हात कुठे ठेवावे कळेना. तो चुळबुळ करत होता. तेव्हा मला समजलं, आणि इतक्या उशिरा समजलं याची लाज वाटली. एवढी वर्षं रोज सकाळी मी दोघांना पाहत होते. तो रेषेवर आहे एवढंच मी पाहिलं. त्याची नजर कुठे आहे हे पाहिलंच नाही. त्या माणसानं आपल्या मुलीला धावताना कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं आकडे पाहिले होते.

हर्षानं केस घट्ट बांधले. बापाकडे एकदा बघितलं आणि सुटली.

"आता पाहा," चंद्रभान माइकमध्ये म्हणाला. "खांदे पाहा, कसे सोडले. मुठी सैल. हे महत्त्वाचं असते. पहिल्या फेरीत दम..." ती दूर जात होती, आम्हाला पाठमोरी. सकाळचं ऊन तिच्या पाठीवर होतं. वेणी सारख्या मापानं डावी-उजवी. उजवा कोपर बाहेर. "दम दुसऱ्या..." तो म्हणाला, आणि थांबला.

मी त्याच्याकडे बघत होते, जशी ती थिएटरमध्ये बघत होती. त्यानं डोळे बारीक केले. मग मिशीखालचा जबडा खाली आला आणि तसाच राहिला. दुसऱ्या कोणी काही सांगायची गरज उरली नव्हती. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"काका, बोला ना," जया कॅमेऱ्यामागून म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं; तिच्या लेखी धावणारी पोरगी म्हणजे धावणारी पोरगी. "पिक्चरमधल्या मॅडमच्या धावण्यात आणि हिच्या धावण्यात काय फरक आहे, ते सांगा लोकांना."

चंद्रभाननं माइककडे पाहिलं. त्याचा आवाज चौकीदाराचा नव्हता, पोलिसाचा तर नव्हताच.

"काही फरक नाही," तो म्हणाला.

त्यानं माइक जयाच्या हातात दिला आणि वळला. मला वाटलं, पाणी प्यायला चालला. तो गेटपर्यंत गेला, सायकल काढली. चढला नाही. हातात धरून चालत निघाला. इस्त्रीचा शर्ट पाठीवर घामानं चिकटला होता. मी हाक मारली, "अहो चंद्रभान भाऊ." त्यानं मागे पाहिलं नाही.

हर्षा तोवर ग्राउंडच्या पलीकडच्या बाजूला होती. पहिली फेरी पूर्ण करून ती आमच्यासमोरून गेली, तेव्हा नियमाप्रमाणे नजर समोर ठेवली होती. तिला बापानंच शिकवलं होतं तसं, रेषेकडे बघायचं नाही, रेषा आपोआप येते. दुसऱ्या फेरीत राखून ठेवलेला सगळा दम तिनं काढला. मी सांगते, त्या वेळी ती पोरगी अशी धावली की ग्राउंडवरची चालणारी माणसं बाजूला झाली. जयासुद्धा कॅमेरा खाली करून नुसती बघत राहिली. ज्यानं बघायला पाहिजे होतं तो रिंग रोडला लागला होता.

ती रेषेवर आली, चार पावलं पुढे गेली, वळली. गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत तिनं आधी बापाची जागा पाहिली, मग गेट, मग मला.

"बाबा?"

"गेले."

"ओळखलं?"

"ओळखलं," मी म्हणाले.

ती तशीच वाकून उभी होती. घाम नाकावरून चुन्याच्या रेषेवर पडत होता. मान वर न करता तिनं विचारलं, "मग थांबले काहून नाही?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या दुसऱ्या हातात ते घड्याळ होतं, बंदच.